आकाशाने नाकारलेली अमानत

शब्दांनाही चरित्र असते. ते कुठे जन्मले, कोणाच्या घरात राहिले, कोणाच्या हाती पडून सुधारले किंवा बिघडले, हे पाहू लागलो की शब्दांबरोबर माणसांविषयीही बरेच काही कळते. या लेखात आपल्याला लॅटिन भाषेतल्या एका लहानशा शब्दाचे चरित्र पाहायचे आहे. शब्द आहे 'स्टेला' आणि त्याचा अर्थ तारा. रोमन साम्राज्य लयाला गेले, लॅटिन बोलणारे राहिले नाहीत; पण हा शब्द टिकला. इटालियनमध्ये तो जसाच्या तसा राहिला, स्पॅनिशमध्ये 'एस्त्रेया' झाला, पोर्तुगीजमध्ये 'एस्त्रेला' झाला आणि फ्रेंचांच्या तोंडी झिजून 'एत्वाल' झाला. इंग्रजीने तारकासमूहासाठी 'कॉन्स्टेलेशन' घेतला, आणि एखाद्याची कामगिरी फार उत्तम झाली की तिला 'स्टेलर' म्हणण्याची पद्धतही पाडली.

मराठी मुसलमानाने या रोमन शब्दाच्या मागे का लागावे, असे कोणी विचारील. त्याचे पहिले उत्तर असे की हा शब्द वाटतो तितका परका नाही. लॅटिन स्टेला, ग्रीक 'अस्तेर', इंग्रजी 'स्टार', फारसी 'सितारा' आणि संस्कृतातून आलेला आपला 'तारा' हे सारे एकाच मूळ धातूपासून निघालेले आहेत, हे भाषाशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. आपल्या घरात उर्दूच्या वळणाने बोलणारी नानी 'सितारा' म्हणते आणि मराठी शाळेत जाणारी नात 'तारा' म्हणते, तेव्हा दोघी एकाच पणजीचे नाव घेत असतात. अरबीचे घराणे मात्र वेगळे. तेथे 'नज्म' आणि 'कौकब' हे शब्द आहेत. नज्मच्या धातूत उगवण्याचा, वर येण्याचा अर्थ आहे. म्हणून आकाशात उगवतो तो नज्म आणि जमिनीतून वर येणारे, खोड नसलेले रोपटेही नज्म. सूरह रहमानमधल्या या शब्दाचा अर्थ अनेक भाष्यकारांनी रोपटे असाच घेतला आहे.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. स्टेला आणि तिच्या नात्यातल्या शब्दांना जे जे अर्थ चिकटत गेले, त्यांतून माणसाची एक जुनी खोड उघडी पडते. स्वतःच्या करणीचा भार आकाशावर टाकायचा, ही ती खोड. ती रोमन माणसात होती, अरबात होती, मराठी माणसात आहे आणि आपल्यातही आहे. माणूस ताऱ्याकडे वाट विचारायला जातो आणि परत येताना आपली जबाबदारी त्याच्याकडे ठेवून येतो. असे करण्याचा त्याला अधिकार आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम या शब्दाचा सर्वांत सुंदर अर्थ पाहू. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम नावाच्या ख्रिस्ती विद्वानाने बेथलेहेममध्ये बसून बायबलचे लॅटिन भाषांतर केले. बायबलमधल्या हिब्रू नावांचे अर्थ सांगणारा एक ग्रंथही त्याने रचला. त्यात मरियम या नावाचा अर्थ त्याने 'स्टिला मारिस', म्हणजे समुद्राचा थेंब, असा दिला होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे नकला करताना एका अक्षराचा फरक पडला. 'स्टिला'ची 'स्टेला' झाली आणि थेंबाचा तारा झाला. ख्रिस्ती जगाने तो तारा हृदयाशी धरला. मरियम ही नाविकांची कैवारी ठरली, वादळात सापडलेल्यांनी तिला याच नावाने हाक मारली. एका नकलाकाराच्या हातून झालेली चूक शेकडो वर्षे घाबरलेल्या माणसांना धीर देत राहिली. चुकीतूनही चांगले निपजते ते असे.

हजरत मरियम आपल्यालाही परक्या नाहीत. कुरआनात त्यांच्या नावाची सूरह आहे. तेथे त्या ताऱ्याच्या रूपात येत नाहीत. त्या येतात प्रसूतीच्या कळा सोसत, एकट्या, खजुराच्या झाडाच्या बुंध्याशी. आणि त्या क्षणी त्यांना काय सांगितले जाते? बुंधा हलव, पिकलेले खजूर तुझ्याजवळ पडतील. ज्या परवरदिगाराने बापाविना मूल दिले, त्याला खजूर थेट हातात देणे अवघड नव्हते. तरीही कळा सोसणाऱ्या बाईला हात हलवायला सांगितले गेले. चमत्काराच्या घडीलाही माणसाच्या वाट्याचे काम माणसाकडेच राहिले, ही गोष्ट आपण तिलावत करताना कितीदा लक्षात घेतो?

समुद्रावरचा खरा तारा म्हणजे ध्रुवतारा. अरबी समुद्रातल्या मुअल्लिमांनी, म्हणजे जहाजाला वाट दाखवणाऱ्या जाणकारांनी, त्याचे शास्त्र बनवले होते. पंधराव्या शतकातल्या अहमद इब्न माजिदने इ.स. 1490 च्या सुमारास 'किताब अल-फवाइद' हा नौकानयनावरचा मोठा ग्रंथ लिहिला. त्या काळातले नाविक 'कमाल' नावाचे साधन वापरीत. एक लहानशी चौकोनी फळी आणि तिला बांधलेली गाठींची दोरी, एवढेच ते साधन. दोरीचे टोक दातांत धरायचे, फळीची खालची कड क्षितिजाला आणि वरची ध्रुवताऱ्याला लावायची आणि आपण किती उत्तरेला आहोत हे ताडायचे. या विद्येचा आपल्या किनाऱ्याशी जवळचा संबंध आहे. अल-मसूदी हा प्रवासी इ.स. 916 च्या सुमारास सैमूरला, म्हणजे चौलला, आला तेव्हा तेथे हजारो मुसलमान राहत असल्याची नोंद त्याने केली आहे. चौल आणि दाभोळच्या बंदरांत लागणारी गलबते ताऱ्यांच्या भरवशावर समुद्र ओलांडून येत.

पण तो भरवसा कशाचा होता, हे नीट समजून घेतले पाहिजे. ध्रुवतारा मुअल्लिमाला तो कुठे आहे एवढेच सांगत असे. कुठे जायचे, शीड केव्हा उतरवायचे, वारा फिरला तर काय करायचे, किती माल भरायचा, हे त्याचे त्यानेच ठरवायचे. त्याच ताऱ्याखाली शहाण्याचे गलबत बंदराला लागे आणि लोभाने जास्त माल भरणाऱ्याचे बुडे. सूरह अनआममध्ये ताऱ्यांचे प्रयोजन सांगितले आहे ते हेच: जमिनीच्या आणि समुद्राच्या अंधारात वाट सापडावी म्हणून. वाट चालायची माणसाने.

आता त्याच शब्दाची दुसरी बाजू पाहू. लॅटिनमध्ये एका जातीच्या पालीला 'स्टेलिओ' म्हणत, कारण तिच्या पाठीवर ताऱ्यांसारखे ठिपके असतात. इ.स. 79 मध्ये मरण पावलेला प्लिनी हा लेखक या पालीविषयी एक गोष्ट सांगतो. ती कात टाकते आणि टाकल्याबरोबर स्वतःच खाऊन टाकते. त्या कातीत फेफऱ्यावरचा उपाय आहे असे लोक मानत. म्हणून प्लिनीने निष्कर्ष काढला की माणसाला औषध मिळू नये यासाठी ही पाल मुद्दाम कात गिळते. माणसाचा इतका द्वेष करणारा लबाड प्राणी दुसरा नाही. बिचारी पाल! भुकेपोटी कात खाल्ली आणि लबाड ठरली. रोमन कायद्यात पुढे फसवणुकीच्या एका प्रकाराला 'स्टेलिओनातुस' म्हणू लागले. ज्या लबाडीला कायद्यात दुसरे नाव सापडत नाही ती स्टेलिओनातुस, असे तिसऱ्या शतकातला कायदेपंडित उल्पियन सांगतो. तिचे ठळक उदाहरण असे: एकाकडे आधीच गहाण टाकलेली वस्तू, ती गोष्ट लपवून, पुन्हा दुसऱ्याला देणे. हा शब्द आजही जिवंत आहे. ब्राझीलच्या 1940 च्या दंडसंहितेत फसवणुकीच्या गुन्ह्याचे नाव 'एस्तेलिओनातो' असे आहे आणि त्याचे कलम 171. तेथे बोलीभाषेत ठकाला नुसते 'एकशेएकाहत्तर' म्हणतात, जसे आपल्याकडे 'चारसोबीस'.

ताऱ्यापासून पाल, पालीपासून ठक. या साखळीत ताऱ्याचा दोष कोणता आणि पालीचा कोणता? दोघांनाही या व्यवहाराचा पत्ता नाही. रोमनांना हसण्याचे कारण मात्र नाही. आपल्या मराठीतही मनात संशय आला की 'शंकेची पाल चुकचुकते'. शंका आपली, चुकचुकणे पालीचे. गहाणाची ही गोष्ट आपण लक्षात ठेवू, कारण लेखाच्या शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

ताऱ्यांसाठी लॅटिनमध्ये आणखी एक शब्द होता, ग्रीकांकडून आलेला 'आस्त्रुम'. त्यापासून इटालियन 'दिसास्त्रो' झाला आणि तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'डिझास्टर' होऊन बसला. त्याचा मूळ अर्थ वाईट तारा, फिरलेला तारा. म्हणजे सरकारी कागदपत्रांत आपण 'डिझास्टर मॅनेजमेंट' लिहितो तेव्हा शब्दशः फिरलेल्या ताऱ्याचे व्यवस्थापन करत असतो. दुसरा शब्द 'इन्फ्लुएन्झा'. मध्ययुगीन युरोपात समजूत होती की ताऱ्यांतून एक अदृश्य प्रवाह खाली वाहतो आणि माणसांवर परिणाम करतो. साथी यायच्या त्या या प्रवाहाने. इटालियन भाषेतले हे नाव 1743 च्या साथीच्या वेळी इंग्रजीत आले. पुढे 1918 मध्ये याच तापाने मुंबईच्या बंदरातून हिंदुस्थानात शिरकाव केला आणि देशात एक कोटीहून अधिक माणसे मारली. माणसातल्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू 1933 मध्ये वेगळा करून दाखवण्यात आला. कारण सापडले, पण नाव ताऱ्यांचेच राहिले.

साथीचा विषय निघाला म्हणून हजरत उमर (र.) यांच्या खिलाफतीतला प्रसंग आठवतो. हिजरी 18 च्या सुमारास, म्हणजे इ.स. 639 मध्ये, शाम प्रांतात ताऊनची साथ पसरली होती. हजरत उमर लोकांसह तिकडे निघाले होते. वाटेत सर्ग येथे बातमी कळली. त्यांनी सल्लामसलत केली आणि परत फिरण्याचा निर्णय घेतला. तेव्हा हजरत अबू उबैदा यांनी विचारले, अल्लाहच्या तकदीरपासून पळून जाता काय? उमर यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा होता की होय, अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे चाललो आहोत. जनावरे घेऊन तुम्ही अशा खोऱ्यात उतरलात जिथे एक बाजू हिरवी आहे आणि दुसरी ओसाड, तर हिरव्या बाजूला चारणे हीदेखील तकदीरच आहे आणि ओसाड बाजूला चारणे हीदेखील. जनावरे कुठे न्यायची हे तुम्ही ठरवता. तकदीर या शब्दाच्या धातूत मोजण्याचा, माप ठरवण्याचा अर्थ आहे. मोजमाप ठरवणारा वर आहे हे मानूनही खोऱ्याची बाजू निवडण्याचे काम गुराख्याकडे राहते. हे एवढे साधे उदाहरण आपल्या वाजांतून जितक्या वेळा ऐकू यायला हवे तितक्या वेळा येत नाही.

ताऱ्यांवर केलेल्या आरोपाची आणखी एक कथा सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात आपलाही हात आहे. अब्द अल-रहमान अल-सूफी यांनी इ.स. 964 मध्ये स्थिर ताऱ्यांवर सचित्र ग्रंथ लिहिला. युरोपने ताऱ्यांची नावे मोठ्या प्रमाणात अरबीतून घेतली. अल्देबरान, रिगेल, अल्तेर ही सारी मूळची आपली. त्यांत एक तारा आहे 'अल्गोल'. मूळ अरबी 'रअस अल-गूल', म्हणजे राक्षसाचे डोके. ग्रीकांनीही या जागी एका राक्षसिणीचे तोडलेले मस्तक कल्पिले होते. हा तारा अधूनमधून मंद होतो, जणू डोळा मिचकावतो. युरोपच्या फलज्योतिष्यांनी त्याला सर्वांत अशुभ ठरवले. 1783 मध्ये इंग्लंडातल्या यॉर्क येथील जॉन गुडरिक नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने त्याच्या मंद होण्याचा हिशेब मांडला. हा मुलगा बहिरा होता. त्याने सुचवले की कोणीतरी अंधारा सोबती या ताऱ्यासमोरून ठराविक वेळाने जात असावा. दर दोन दिवस, वीस तास आणि एकोणपन्नास मिनिटांनी हे घडते. 1889 मध्ये त्याचे म्हणणे खरे असल्याचे सिद्ध झाले. राक्षस डोळा मिचकावत नव्हता; एका ताऱ्याची सावली दुसऱ्यावर पडत होती. ज्याला जगाचा आवाज ऐकू येत नव्हता त्याने ताऱ्यावरचा आळ दूर केला.

आपल्या इतिहासाकडेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. इस्लामने ताऱ्यांच्या सत्तेला नकार दिला, तरी मुसलमानांच्या दरबारांनी नजूमी पाळले. इ.स. 762 मध्ये खलीफा मन्सूरने बगदादचा पाया घातला तो नजूम्यांनी काढून दिलेल्या मुहूर्तावर. ज्या शहरात पुढे ज्ञानाचा एवढा उजेड पडला त्याची पहिली वीट मुहूर्त पाहून बसवली गेली. अल-बिरूनीने 1029 मध्ये लिहिलेल्या 'किताब अल-तफहीम'मध्ये फलज्योतिषही शिकवले, पण त्यावर आपला भरवसा नाही हे त्याने लपवले नाही. इब्न सीनाने तर फलज्योतिषाच्या खंडनासाठी स्वतंत्र लेखन केले. म्हणजे दोन्ही प्रवाह आपल्याच घरात वाहत होते. आजही वाहतात. रविवारच्या पुरवणीतले राशिभविष्य आपल्या घरांतही वाचले जाते. लोकलच्या डब्यांत चिकटवलेल्या बाबा बंगालींच्या जाहिराती निव्वळ दुसऱ्यांसाठी नसतात.

धर्माने मात्र येथे फार बारीक आणि समंजस भेद केला आहे. हुदैबियाच्या मुक्कामात रात्री पाऊस पडला. सकाळी पैगंबरांनी (स.) सांगितले ते थोडक्यात असे की ज्याने हा पाऊस अल्लाहच्या कृपेने पडला म्हटले त्याचा विश्वास अल्लाहवर, आणि ज्याने अमुक ताऱ्यामुळे पडला म्हटले त्याचा विश्वास ताऱ्यावर. पुढे फुकहांनी स्पष्ट केले की ताऱ्याचे नाव केवळ वेळ सांगण्यासाठी घेतले तर हरकत नाही. म्हणून मराठवाड्यातला मुसलमान शेतकरी जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मृगाच्या पावसाची वाट पाहतो आणि हस्ताला हत्तीचा पाऊस म्हणतो, तेव्हा त्याच्या ईमानाला कसलाही धक्का बसत नाही. मृग त्याच्यासाठी पंचांगातली तारीख आहे. तारीख काम करत नाही. ती पेरणीची आठवण करून देते आणि पेरणी शेतकरी करतो.

याहून मोठा प्रसंग आहे इ.स. 632 मधला. पैगंबरांचा (स.) लहानगा मुलगा इब्राहीम मरण पावला. त्याच दिवशी मदिनेत सूर्यग्रहण झाले. खगोलगणितानुसार ते 27 जानेवारीचे ग्रहण होते. शोकाने व्याकूळ लोक म्हणाले की इब्राहीमच्या मृत्यूमुळे सूर्य झाकोळला. एखाद्या राजाने किंवा बाबाने हे ऐकून घेतले असते. पैगंबरांनी (स.) लोकांना तेथल्या तेथे सांगितले की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरणामुळे किंवा जन्मामुळे त्यांना ग्रहण लागत नाही. बापाच्या डोळ्यांत पाणी होते. पण स्वतःच्या दुःखात सूर्याला सामील करून घेणे त्यांनी नाकारले. ज्याच्यासाठी आकाश रडले असे म्हणण्याचा मोह कोणालाही झाला असता, त्यानेच आकाशाला मोकळे केले. यापेक्षा मोठा नैतिक धडा दुसरा कोणता?

आता आपल्या मराठीकडे येऊ. युरोपीय भाषांनी संकटाला एकच ताऱ्याचे नाव दिले, पण मराठीने संकटाचे दोन भाग केले: आस्मानी आणि सुलतानी. एक शब्द फारसी आकाशाचा, दुसरा अरबी सत्तेचा. दुष्काळ, अतिवृष्टी, भूकंप ही आस्मानी. जुलमी सारा, लूट, दुर्लक्ष ही सुलतानी. आपल्या पूर्वजांच्या मराठीने हे दोन शब्द जवळ ठेवले, पण एकमेकांत मिसळू दिले नाहीत. दोन खाती वेगळी ठेवली. ही मोठी शहाणपणाची गोष्ट आहे. गोंधळ होतो तो सुलतानी जमा आस्मानीच्या खात्यावर मांडली की.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि हजारो माणसे गेली. जमीन हलली ही आस्मानी. पण माणसांना मारले ते जाड दगडी, मातीत रचलेल्या भिंतींनी आणि माथ्यावरच्या जड माळवदांनी. गरिबीने ती घरे तशी बांधायला लावली होती आणि तशी घरे भूकंपात धोक्याची असतात हे त्या गावांत जाऊन कोणी सांगितले नव्हते. दगावलेल्यांना यात दोष नाही. दोष आहे तो त्यांचा तारा फिरला असे म्हणून विषय संपवण्यात. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. तो पाऊस आस्मानी. मिठी नदीचे पात्र आवळत आणणे ही सुलतानी. आणि नाल्यात आपण ज्या पिशव्या फेकल्या त्यांना कोणत्या खात्यात घालायचे? मराठीने या तिसऱ्या खात्याला नाव दिलेले नाही. ते खाते आपले स्वतःचे.

मुसलमानांच्या प्रश्नांविषयी बोलताना हे तिसरे खाते आपण फार क्वचित उघडतो. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालाने 2001 च्या जनगणनेच्या आधारे दाखवून दिले की देशात साक्षरतेचे प्रमाण 65.1 टक्के असताना मुसलमानांत ते 59.1 टक्के होते. यात सुलतानी मोठी आहे हे कोणी नाकारू नये. वस्तीत शाळा नसणे, बँकेने कर्ज नाकारणे, नोकरीत डावलले जाणे ही नशिबाची कामे नव्हेत. ती माणसांची कामे आहेत आणि त्यांचा जाब माणसांनाच विचारला पाहिजे. पण दहावीत चांगले गुण मिळवलेल्या मुलीचे शिक्षण घरातूनच थांबते, तेव्हा ते कोणत्या सुलतानाचे फर्मान असते? हुंडा घेऊन निकाह लावताना कोणता तारा मध्यस्थी करतो? घरी परत आलेल्या लेकीला 'तुझे नसीबच असे' म्हणून गप्प बसवताना आपण नेमके कोणाला वाचवत असतो? मुलींची नावे आपण नज्मा, सितारा, सुरैया, परवीन अशी हौसेने ठेवतो. सुरैया आणि परवीन म्हणजे मराठीतली कृत्तिका, आकाशातला एकच तारकापुंज, एक नाव अरबी आणि दुसरे फारसी. मुलीला ताऱ्याचे नाव द्यायचे, आणि तिच्यावर अन्याय झाला की दोषही ताऱ्यालाच द्यायचा, अशी आपली रीत झाली आहे.

ज्या सूरहचे नावच 'नज्म' आहे ती या दृष्टीने पुन्हा वाचावी. तिच्या आरंभी मावळत्या ताऱ्याची शपथ आहे. पुढे त्याच सूरहमध्ये बजावले आहे की कोणीही दुसऱ्याचा भार उचलणार नाही आणि माणसाला तेच मिळते ज्यासाठी त्याने धडपड केली. आणि मग शिअरा, म्हणजे व्याध, या ताऱ्याचा उल्लेख येतो. काही अरब टोळ्या या तेजस्वी ताऱ्याला भजत असत. त्या ताऱ्याचाही मालक अल्लाहच आहे, असे ही सूरह सांगते. ताऱ्याच्या नावाच्या सूरहने ताऱ्याकडून सत्ता काढून घेतली आणि माणसाच्या हाती त्याची धडपड ठेवली.

आणि आता त्या गहाणाच्या गोष्टीकडे. सूरह अहजाबमध्ये एक विलक्षण दृश्य आहे. अमानत आकाशांपुढे, धरतीपुढे आणि पर्वतांपुढे ठेवली गेली. ती उचलण्यास सर्वांनी नकार दिला, ते भ्याले. माणसाने ती उचलली. या अमानतीचा अर्थ भाष्यकारांनी अनेक प्रकारे लावला आहे: आज्ञापालन, कर्तव्य, विवेक, निवडीचे स्वातंत्र्य. कोणताही अर्थ घेतला तरी एक गोष्ट राहते. आकाशाने ती घेतली नाही. तिच्यावर आपले नाव लागले आहे. अशी वस्तू पुन्हा ताऱ्याकडे नेऊन ठेवणे, 'माझे काही चालत नाही, वरच तसे लिहिले होते' म्हणणे, याला रोमन कायद्यातले नाव अगदी चपखल बसते. एकदा बांधलेली वस्तू दुसऱ्याकडे बांधण्याची ती लबाडी. फरक एवढाच की येथे ज्याच्याकडे ती वस्तू नेतो त्या आकाशाने ती पहिल्याच दिवशी नाकारलेली आहे.

याचा अर्थ दुःखात सापडलेल्या माणसाने तकदीरचे नाव घेऊच नये असा नाही. तरुण मुलगा गेलेल्या आईने 'अल्लाहची मर्जी' म्हणावे. त्या शब्दांनीच ती पुढचा दिवस काढते. ज्यावर उपाय नव्हता त्यापुढे मान झुकवणे ही ईमानाची खूण आहे. पण तोच शब्द रुग्णवाहिका वेळेवर न पाठवणाऱ्याने, कच्चा पूल बांधणाऱ्याने किंवा हुंडा मागणाऱ्या सासऱ्याने उच्चारला तर तो सबुरीचा शब्द राहत नाही. सोसणाऱ्याच्या तोंडी तकदीर ही शरणागती असते; करणाऱ्याच्या तोंडी ती पळवाट असते. शब्द एकच, पण बोलणारा कोण हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. स्टेलाच्या चरित्राने आपल्याला शिकवले ते हेच.

आपल्या विधिमंडळात 'तारांकित प्रश्न' नावाचा एक प्रकार आहे. प्रश्नावर ताऱ्याची खूण केली की मंत्र्याने सभागृहात उभे राहून त्याचे तोंडी उत्तर द्यायचे असते. कागदावरच्या त्या ताऱ्याचे काम एवढेच, की येथे कोणीतरी उभे राहून जबाब देणे लागतो हे सर्वांना दाखवणे. उत्तर तारा देत नाही. आपल्या घरातल्या, मोहल्ल्यातल्या, जमातीतल्या अनेक प्रश्नांवर अशी खूण केव्हाच पडलेली आहे. त्यांची उत्तरे द्यायला आपण उभे राहायचे आहे.